काळा गंज

मी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा आमच्या सरांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी. बाबांची संत्र्यांची बाग होती. तिच्यात दिवसभर राबणारा तो माणूस माझ्या शिक्षणाबद्दल फारसं बोलत नसे, पण आडवाही येत नसे. नागपुरात मी मावशीकडे राहायचे. मावशी रामदासपेठेतल्या एका इस्पितळात नर्स होती. इस्पितळाच्या मागेच तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिला मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान लवकर वारले होते, आणि मी आल्यावर तिने दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी खिडकीपाशी टेबल लावून दिलं.

सर सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. पहिल्या भेटीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला घाई आहे का?"

"नाही," मी म्हणाले. घरच्यांना होती, पण ते मी सांगितलं नाही.

"मग बरं. हे काम घाईचं नाही."

काम असं होतं. लोखंडाचे इतके बारीक कण तयार करायचे की ते साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसू नयेत. आता अशा कणांना नॅनो म्हणतात आणि वर्तमानपत्रातसुद्धा तो शब्द येतो. तेव्हा आम्ही नुसतं 'बारीक' म्हणायचो, फार तर 'अतिसूक्ष्म'. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे हे कण स्वतःच चुंबकासारखे असल्यामुळे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. आणि दुसरी, जितका कण बारीक तितका तो लवकर गंजतो. हवा लागली की संपलंच. सरांची कल्पना अशी की कण आधी करून मग ते प्लॅस्टिकमध्ये मिसळायचेच नाहीत. लोखंडाचा क्षार आधी पॉलिमरमध्ये विरघळवून घ्यायचा, त्याचा पातळ पापुद्रा करायचा आणि त्या पापुद्र्याच्या पोटातच क्षाराचं लोखंड करायचं. म्हणजे प्रत्येक कण जिथे जन्मला तिथेच अडकून राहील. शेजाऱ्याला जाऊन चिकटणार नाही, आणि भोवतीचा पॉलिमर त्याला हवेपासूनही वाचवेल.

पॉलिमर आम्ही घेतला तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. नाव मोठं असलं तरी वस्तू साधी. कापडगिरण्यांत सुताला खळ द्यायला ती पांढरी भुकटी वापरतात. पाणी गरम करून त्यात ती चिमटी-चिमटीने टाकायची आणि बेसन कालवावं तसं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या. मग त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालायचं, काचेवर पातळ ओतायचं आणि वाळू द्यायचं. सकाळी ब्लेडने कड सोडवली की फिकट हिरवट, पारदर्शक पापुद्रा निघायचा. तो सोडियम बोरोहायड्राइडच्या द्रावणात बुडवला की त्यातला क्षार मोडून धातू व्हायचा. कडेकडेने काळोख सरकत यावा तसा सगळा पापुद्रा मिनिटभरात काळा पडे. ते बघायला मला फार आवडायचं. त्यानंतर पाणी आणि अल्कोहोलात तो धुवायचा, वाळवायचा, आणि वाळता वाळता तो तपकिरी होताना बघायचा. हे मात्र अजिबात आवडायचं नाही.

पहिलं दीड वर्ष माझ्या वहीत दर दोन-तीन दिवसांनी एकच शब्द लाल शाईने लिहिलेला आहे: गंज.

प्रयोगशाळेत आमच्या मदतीला एक काका होते. अटेंडंट म्हणून लागलेले, मूळचे मौद्याकडचे. विभागात पूर्वी काच फुंकणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याच्यापाशी बसून काकांनी ते काम शिकून घेतलं होतं. कारागीर गेल्यावर त्याची जागा भरली गेली नाही, पण काका त्याच्या बर्नरवर काचेच्या नळ्या वाकवून द्यायचे, तडकलेले फ्लास्क सांधून द्यायचे. माझा पापुद्रा तपकिरी झाला की ते डोकावून म्हणायचे, "आजबी चहा झाला का वं ताई?"

"झाला, काका."

"होऊ दे. उद्या दूध कमी टाकू."

मला हसू यायचं. सर तेवढे हसायचे नाहीत. ते रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन पापुद्रा उजेडात धरायचे, मान हलवायचे आणि परत आपल्या खोलीत जायचे. मी त्यांना एकदाही वैतागलेलं बघितलं नाही. त्यामुळे उलट माझाच जीव कासावीस व्हायचा.

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये मी धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं घेतलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा कमी असेल, आणि वाळवताना पापुद्रा नायट्रोजनखाली ठेवला. सकाळी तो काळाच होता. दुपारीही काळा. तिसऱ्या दिवशीही काळा. मी लोहचुंबक जवळ नेलं आणि पापुद्र्याचा तुकडा टेबलावरून टुणकन उडून त्याला चिकटला. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण काका पलीकडून धावत आले. त्यांना वाटलं भाजलं.

सरांना दाखवलं. त्यांनी चुंबक माझ्या हातातून घेतलं, पापुद्रा सोडवला, पुन्हा लांब ठेवला, पुन्हा उडवला. पाच-सहा वेळा. मग त्यांनी खिशातली काडेपेटी रिकामी केली, तिच्यात कापूस घातला, त्यावर तुकडा ठेवला आणि जे मी दोन वर्षांत कधी बघितलं नव्हतं ते केलं. म्हणजे ते व्हरांड्यात निघाले आणि एकेका खोलीत शिरून काडेपेटी उघडून दाखवू लागले. भौतिकशास्त्राच्या इमारतीतही जाऊन आले. "लोखंड आहे, पण कागदासारखं वाकतं," असं प्रत्येकाला सांगत होते. त्याच आठवड्यात त्यांनी बाहेरगावच्या एका परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला. त्यावर माझं नाव आधी आणि त्यांचं नंतर होतं.

तेवढ्यात बाबा मृग बहराची संत्री घेऊन नागपूरला आले आणि सरांना भेटायला म्हणून विभागात आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. दारातच थबकले. पापुद्र्याला आम्ही विभागात फिल्म म्हणायचो, म्हणून मी पत्रात 'आमची फिल्म तयार झाली' असं लिहिलं होतं. बाबांनी सरांकडे बघत मला हळूच विचारलं, "तुह्या सरांचा सिनेमाचा धंदा हाय का गं?"

मी त्यांना पापुद्रा दाखवला. चुंबक दिलं. तो उडून चिकटला तसे बाबा दचकून मागे झाले आणि मग पुढे वाकले.

"हे लोखंड हाय?"

"हो."

"मंग जड काहून नाई?"

"त्यात लोखंड अगदी थोडं आहे बाबा. फार बारीक बारीक."

"आन हे तू केलं?"

सर म्हणाले, "हो, यांनीच केलं."

बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि तो तुकडा बराच वेळ न्याहाळला. गावी गेल्यावर त्यांनी पारावर, एस.टी.त, बाजारात सगळ्यांना सांगितलं म्हणे. 'माह्या पोरीनं प्लॅस्टिकात लोखंड पेरलं.' हे मला नंतर आईने सांगितलं.

परिषदेसाठी पूर्ण निबंध लिहायचा होता. त्यात एक आकडा हवा होता: घातलेल्या क्षारापैकी किती भागाचं लोखंड झालं? हे मोजायची पद्धत जुनी आणि सोपी आहे. लोखंड सौम्य आम्लात टाकलं की हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात. तो वायू खुणा केलेल्या उभ्या नळीत पाण्यावर गोळा करायचा. पाण्याची पातळी जितकी खाली जाईल तितकं लोखंड. मी सगळं जोडलं, पापुद्रा टाकला आणि नळीकडे बघत बसले.

पाणी हललं नाही.

मला वाटलं, कुठेतरी गळती आहे. सगळे सांधे पुन्हा ग्रीस लावून बसवले. दुसरा तुकडा टाकला. आम्ल हळूहळू पिवळसर झालं, पापुद्रा पांढुरका पडला, पण एक बुडबुडा नाही. मग मी लोखंडाचा साधा कीस चिमूटभर टाकला. लगेच फसफसून वायू निघाला आणि पाणी झपझप खाली गेलं. म्हणजे उपकरण ठीक होतं.

मी स्टुलावर बसून राहिले. कारण काय झालं ते मला तेव्हाच कळलं होतं. लोखंडाचा गंज नेहमी तपकिरीच असतो असं नाही. हवा अपुरी मिळाली तर त्याचा एक काळा गंजही होतो, आणि तो स्वतःच चुंबकाला चिकटतो. जमिनीत सापडणारा चुंबकी दगड म्हणजे तेच. हे आम्ही बी.एस्सी.लाच शिकलो होतो. मी हवा कमी केली होती, पूर्ण काढली नव्हती. म्हणून तपकिरीऐवजी काळा गंज मिळाला होता. चुंबक दोघांनाही ओढतं. त्याला काय माहीत कोण लोखंड आणि कोण गंज.

काकांनी विचारलं, "काय झालं वं ताई?"

"काही नाही."

ते बर्नरपाशी गेले. पण नळीकडे त्यांचं लक्ष गेलेलं मी बघितलं होतं.

पुढचे आठ दिवस मी कोणालाच काही सांगितलं नाही. रोज जायचे, काचा धुवायचे, वही उघडायचे आणि मिटायचे. सर विचारायचे, "निबंध किती झाला?" मी म्हणायचे, "होतोय." या काळात माझ्या मनात काय काय आलं ते आज लिहायला हरकत नाही. तो आकडा न देताही निबंध लिहिता आला असता. चुंबकत्वाची मोजमापं खरी होती, ती दिली असती. पापुद्रा काळा आहे, चिकटतो, हेही खरंच. कोणी आम्ल टाकून बघेल असं वाटत नव्हतं. आणि बाबा गावभर सांगून आले होते. सगळ्यात जास्त मला ती काडेपेटी आठवायची.

नवव्या दिवशी संध्याकाळी मावशी ड्यूटीवरून आली आणि माझं ताट तसंच झाकलेलं बघून समोर बसली.

"दोन पोळ्या सकाळी उरल्या, दोन आता. आठ दिवसांपासून पाहून राहिली मी. काय आहे?"

मी सांगितलं. तिला रसायनशास्त्र कळत नव्हतं, पण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे रिपोर्ट चुकला."

"हो."

"आन तुह्या सरांले माहीत नाही."

"नाही."

"मले एक सांग. तो माणूस ओरडणारा आहे का?"

"नाही गं मावशी."

"मंग लपवून काहून राहिली?"

"म्हणूनच," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "ओरडणारे असते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

मावशीने ताट पुढे सरकवलं. म्हणाली, "आमच्याकडे रिपोर्ट चुकला तर ज्या क्षणी कळते त्या क्षणी जाऊन सांगावं लागते. एकदा मी बारा तास उशीर केला होता. त्यानं काही बिघडलं नाही, पेशंट बरा झाला. पण ते बारा तास मी अजून विसरली नाही. तुहे आठ दिवस झाले. जेव आता, आन उद्या जाय."

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी मी त्यांच्या खोलीच्या दाराशी उभी होते. आत गेल्यावर मी एका दमात सगळं सांगितलं, वही पुढे ठेवली, आठ दिवस लपवल्याचंही सांगितलं. सरांनी वही वाचली. मग चष्मा काढून पुसला.

"चला, करून बघू."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, बाह्या वर केल्या आणि स्वतःच्या हातांनी सगळं उपकरण जोडलं. काडेपेटीतला तुकडा त्यांनी स्वतः आम्लात टाकला. मी एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. तिघं त्या नळीकडे बघत होतो. पाणी जिथल्या तिथे. सर अर्धा तास तसेच उभे राहिले. एवढा वेळ थांबायची गरज नव्हती, पाच मिनिटांतच काय ते कळलं होतं.

"मी चुंबक पाहिलं आणि पुढे विचारणं सोडून दिलं," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही नवीन आहात. माझं हे पस्तिसावं वर्ष आहे."

"सर, मीच आधी..."

"तुम्ही मोजलंत. मी मिरवलं."

परिषदेला निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तेव्हाच, माझ्यासमोर बसून लिहिलं. 'निष्कर्ष माझ्या चुकीमुळे सदोष' असं त्यात होतं. त्याखाली सही एकट्याचीच. मी म्हणाले, माझंही नाव घाला. त्यांनी पाकीट बंद केलं.

मग त्यांनी ती रिकामी काडेपेटी खिशात टाकली आणि मला म्हणाले, "या माझ्याबरोबर." आम्ही व्हरांड्यात निघालो. ज्या ज्या खोलीत ते महिन्याभरापूर्वी गेले होते, त्या प्रत्येक खोलीत ते गेले. "मी तुम्हाला दाखवलं ते लोखंड नव्हतं. काळा गंज होता. यांनी तपासून दाखवलं." एवढंच बोलायचे आणि पुढच्या खोलीकडे वळायचे. काहींनी 'असू दे सर' म्हटलं. एक-दोघांनी मान खाली घालून हसू लपवलं, ते मला दिसलं आणि सरांनाही दिसलंच असणार. भौतिकशास्त्रातले एक प्राध्यापक म्हणाले, "अहो, पण हे कोणाला कळणार होतं?"

सर म्हणाले, "यांना कळलं ना."

उन्हात दोन्ही इमारती फिरून परत येईपर्यंत सरांचा सदरा घामाने भिजला होता. पाणी पिऊन ते आपल्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी ते दुपारी लवकर घरी गेले. मी त्यांना सायकलरिक्षात बसताना खिडकीतून बघितलं आणि मला वाटलं, हे आता माझं काम बंद करायला सांगतील.

दुसऱ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले. त्यावर पेन्सिलीने काचेच्या एका भांड्याचं चित्र होतं. सपाट तळाचं, तीन तोंडांचं. एका तोंडातून नायट्रोजन आत, दुसऱ्यातून बाहेर, तिसऱ्यातून द्रावणं घालायची आणि काढायची. पापुद्रा त्या भांड्याच्या तळावरच ओतायचा, तिथेच काळा करायचा, तिथेच धुवायचा आणि तिथेच वाळवायचा. भांडं मध्ये एकदाही उघडायचं नाही. सिलिंडरमधल्या नायट्रोजनमध्येही थोडा प्राणवायू असतो, तो शोषून घ्यायला वाटेत आणखी एक बाटली. तिच्यातल्या द्रावणाला प्राणवायू लागला की ते काळपट पडतं, म्हणजे चोर पकडला गेल्याची खूण.

काकांनी कागद फिरवून फिरवून बघितला. "सर, अठी असा काटकोन दिला तर गार होताना तडकते. जरा तिरपं घेऊ द्या मले."

"घ्या."

पहिलं भांडं तडकलं. दुसरं काकांच्या हातात असताना फुटलं आणि त्यांचा अंगठा कापला. मावशीच्या इस्पितळात दोन टाके पडले आणि पट्टी बांधताना ती त्यांना म्हणाली, "भाऊ, काचेशी भांडू नका." तिसरं भांडं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार झालं. प्रयोगशाळेत तेव्हा भट्टीसारखं तापायचं. खिडकीला खसाची ताटी होती, पण तिला पाणी मारून कोणी परतलं की त्याची ओली पावलं फरशीवर लगेच वाळून जायची. आम्ही पंखा बंद ठेवायचो, नाहीतर बर्नरची ज्योत हलायची.

त्या भांड्यातला चौथा पापुद्रा काढून मी नळीच्या उपकरणात टाकला. काका हात पुसत येऊन उभे राहिले. आधी काहीच नाही. मग पापुद्र्याच्या अंगावर मोहरीहून बारीक बुडबुडे दिसायला लागले, सुटून वर निघाले, आणि पाण्याची पातळी खाली सरकली.

"हलली वं ताई," काका अगदी हळू आवाजात म्हणाले, जणू जोरात बोललं तर परत वर जाईल. "हलली."

मी सरांना बोलावलं. त्यांनी नळीवरचा आकडा वाचला, मला वाचायला लावला, मग काकांनाही. तिघांचा आकडा एकच आला. मला वाटलं, आता ते व्हरांड्यात निघतील. पण ते म्हणाले, "दोन महिने थांबू. टिकतं का बघू."

जूनभर टिकलं. जुलैच्या मध्यात एका सकाळी मी कपाट उघडलं तर तुकड्यांच्या कडा तपकिरी. आठवड्यात डाग आतपर्यंत गेला. पण या वेळी मला रडू आलं नाही. आता विचारायची सवय लागली होती. दोन महिने टिकला आणि मगच का गंजला? वहीत रोजच्या हवेची नोंद होती. उन्हाळ्यात हवा कोरडी ठक्क होती, आता दमट होती. सुका पापुद्रा हवेला आत येऊ देत नव्हता. पण ओलावा लागला की तो पॉलिमर फुगतो, सैल होतो, आणि मग त्याच्यातून प्राणवायू शिरतो. हे आम्ही ओल्या आणि कोरड्या बरण्यांत तुकडे ठेवून ताडून बघितलं. तसंच निघालं. सर म्हणाले, "हा खरा निष्कर्ष. याच्यासाठी परिषदेला जायला हरकत नाही."

ओलावा बाहेर कसा ठेवायचा यावर सर आणि मी पुस्तकं काढून बसलो होतो. काका आम्लाच्या बाटल्यांची बुचं पक्की करत होते. ते वितळलेल्या मेणात बुचं बुडवून काढायचे. मध्येच म्हणाले, "याले बी असं मेण लावून पाहिलं तर?"

सरांनी पुस्तक मिटलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मेणात बुडवलेले तुकडे पुढचा सगळा पावसाळा काळे राहिले, आणि मेण काढून आम्लात टाकले की नळीतलं पाणीही हलवत राहिले.

कण खरोखर किती बारीक आहेत हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो तेव्हा आमच्याकडे नव्हता. तुकडे टपालाने दुसऱ्या शहरात पाठवले. फोटो यायला कित्येक महिने लागले, आणि आला तेव्हा सर निवृत्त होऊन घरी बसले होते. मी पाकीट न फोडता तसंच त्यांच्या घरी नेलं. त्यांनी ते सुरीने उघडलं, फोटो खिडकीच्या उजेडात धरला, भिंग घेतलं. राखाडी जमिनीवर काळे ठिपके होते, खसखस सांडावी तसे. एकमेकांपासून वेगळे, क्वचित दोन जोडलेले. सरांच्या पत्नी चहा ठेवून मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी चार वर्षं?"

सर म्हणाले, "एवढ्यासाठी." आणि भिंग त्यांच्या हातात दिलं.

प्रबंधात तिसरं प्रकरण काळ्या गंजाचं होतं. मी ते दोन परिच्छेदांत उरकलं होतं. सरांनी परत पाठवलं, पूर्ण लिहा म्हणाले. काय केलं, काय समजलो, कसं कळलं, सगळं. मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "चुकलेल्या कामाला बत्तीस पानं कशाला?"

सर मागच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "पुढे कोणाला असाच काळा पापुद्रा मिळेल. तो चुंबकाला चिकटेल आणि त्याला आनंद होईल. त्याने थांबू नये म्हणून."

परीक्षकांनी पान उलटलं आणि चौथ्या प्रकरणाकडे गेले.

नंतर मी शहरातल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले आणि संशोधन सुटलं. आमचं काम दोन लहान निबंधांत छापून आलं. कोणी त्यावर पुढे काही केलं का, मला माहीत नाही. परीक्षेच्या वर्षी आमच्या बागेला पाणी कमी पडलं होतं म्हणून बाबांना त्या दिवशी येता आलं नाही. पास झाल्याची तार मी नंतर पोस्टात जाऊन केली. त्या दिवशी परीक्षा संपल्यावर सरांना सोडायला मी फाटकापर्यंत गेले. रिक्षा मिळत नव्हती, आम्ही दोघं कडुलिंबाखाली उभे होतो. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळपासून काही खाल्लं नसेल तुम्ही."

खरंच खाल्लं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे आलूबोंड्याची गाडी होती. आम्ही तिकडे गेलो आणि त्यांनी दोन प्लेट सांगितल्या.